घास गिळताना घशात नेमकं काय होतं, आणि ठसका का लागतो

दर थोड्या दिवसांनी पेपरच्या आतल्या पानावर एक छोटीशी बातमी असते, घशात काहीतरी अडकून लहान मूल गेलं. कधी शेंगदाणा, कधी चिंचोका, कधी द्राक्ष. आपण वाचतो, हळहळतो, पान उलटतो. आणि दुसरीकडे बऱ्याच घरात एखादे आजोबा असतात ज्यांना अंगावरून वारं गेल्यापासून घोटाघोटाला ठसका लागतो, आणि घरचे म्हणतात वय झालं आता, चालायचंच. या दोन्ही गोष्टी एकाच जागी घडतात, गळ्यात, हनुवटीच्या जरा खाली. शाळेत पचनसंस्थेची आकृती आपण सगळ्यांनी काढली, पण त्यात तोंडापासून थेट पोटाकडे जाणारी एक सरळ नळी होती, श्वासाचा रस्ता तिला कुठं आडवा येतो ते त्यात नव्हतंच. खरा घोळ तिथंच आहे. म्हणून हे लिहितोय, जरा लांब झालंय, पण घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर शेवटपर्यंत वाचा.

उदाहरणाला आपला सोलापूरचा घासच घेऊ, कडक भाकरी आणि शेंगा चटणी, वर थोडं दही.

तोंडात काय काय होतं

कडक भाकरीचा तुकडा पुढच्या पटाशीच्या दातांनी कट्‌कन मोडला की जीभ तो उचलून दाढांकडे टाकते. दात कापायला आणि दळायला, पण घास दातांखाली आणून धरायचं काम जीभ आणि गाल करतात, आणि याचं श्रेय त्यांना कुणी देत नाही. ज्यांचा अर्धा चेहरा लुळा पडतो त्यांच्या त्या बाजूच्या गालात घास तसाच साठून राहतो, त्यांना कळतही नाही.

आता एक करा, दोन्ही गालांवर जबड्याच्या मागच्या कोपऱ्याजवळ बोटं ठेवा आणि दात घट्ट दाबा. जो गोळा टणक होऊन वर येतो तो चावायचा मुख्य स्नायू. मग बोटं कानाच्या अगदी पुढे ठेवा आणि तोंड मोठं उघडा, तिथं जबड्याचा सांधा पुढे सरकताना जाणवेल. दाराच्या बिजागरीला नुसतं फिरता येतं, हा सांधा फिरतोही आणि सरकतोही, म्हणून तर आपला जबडा वर-खाली होतो तसा आडवा पण फिरतो आणि ज्वारीचा तुकडा दळला जातो.

दातांच्या मुळाशी बारीक धागे असतात, त्यात दाब ओळखणाऱ्या नसा असतात. भाजीत खडा आला की डोक्यात विचार यायच्या आधीच जबडा थांबतो ते यांच्यामुळे. कवळी बसवलेल्या माणसाला हे धागे नसतात, म्हणून त्यांना हाड, काटा, खडा उशिरा कळतो. त्यांच्या ताटातलं मटण आणि मासे जरा निवडून वाढा.

मग लाळ. दिवसाला साधारण एक लिटरच्या आसपास तयार होते. सगळ्यात मोठी ग्रंथी कानाच्या पुढे-खाली असते, गालगुंड होतात तेव्हा सुजते तीच. लाळेत पिठूळ पदार्थ फोडून साखर करणारा रस असतो, नुसत्या भाकरीचा तुकडा चटणीशिवाय मिनिटभर चघळत बसा, गोडसर लागायला लागेल. पण आजच्या विषयासाठी लाळेचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे, ते म्हणजे बांधायचं. कडक भाकरीचा कोरडा चुरा तसाच मागे गेला तर तो घशात विखुरतो आणि नको तिथं जातो. लाळेनं त्याचा ओला, गुळगुळीत गोळा होतो आणि तो एकत्र खाली जातो. कोरडी शेंगा चटणी नुसतीच चिमटीनं तोंडात टाकली की ठसका हमखास लागतो, आणि तीच तेलात किंवा दह्यात कालवली की लागत नाही, त्याचं कारण बऱ्यापैकी हेच आहे.

३२ वेळा चावायचंच का?

हे सगळे सांगतात, पण मोजायची काही गरज नाही. भाताचा घास थोडक्यात होतो, कडक भाकरीला जास्त लागतं. तोंडात कोरडा किंवा टोकदार तुकडा शिल्लक नाही असं वाटलं की घास तयार. दात नसलेली आजी भाकरी आमटीत कुस्करून, भिजवून खाते ना, ती तेच काम ताटात करून घेते, आणि ते अगदी बरोबर आहे. बीपीच्या, झोपेच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, अशा माणसांना कोरडं खाणं अवघड जातं, त्यांना "सावकाश खा" एवढं सांगून भागत नाही, पातळ काहीतरी सोबत द्यावं लागतं.

चव: जिभेचा नकाशा विसरा

जिभेच्या टोकाला गोड, बाजूंना आंबट-खारट, मागे कडू, ही आकृती आपल्या डोक्यात पक्की बसलीय आणि ती चूक आहे. १९०१ मध्ये एका जर्मन शास्त्रज्ञानं जिभेच्या कडेनं कुठं किती लवकर चव कळते ते मोजलं होतं, फरक अगदी थोडा होता, पुढे तो पुस्तकांमध्ये फुगवून काढला गेला आणि नकाशा झाला. खरं म्हणजे गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी उमामी, पाचही चवी जिभेच्या सगळ्या चव घेणाऱ्या भागांवर कळतात. उमामी म्हणजे मटणाच्या रश्शाला, टोमॅटोला जी भरीव चव असते ती, १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदांनी समुद्री शेवाळाच्या रश्शातून ती शोधली. आणि जिभेवर जे बारीक दाणे दिसतात ते चवीचे ठिपके नाहीत, चव घेणाऱ्या कळ्या त्यातल्या काही दाण्यांच्या आत असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. त्यातल्या पेशी साधारण दहा-बारा दिवसांत बदलत राहतात, म्हणून गरम चहानं जीभ पोळली तरी चव परत येते.

मग तिखटाचं काय? आपल्याकडे तर सहा रस सांगितलेत, त्यात तिखट आणि तुरटही आहे. आयुर्वेदाची मांडणी वेगळ्या हेतूची आहे, पदार्थाचा शरीरावर काय परिणाम होतो त्यावरून केलेली, तिच्याशी भांडायचं कारण नाही. पण नसांच्या हिशोबानं तिखट ही चव नाही, ती जळजळ आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या जागी चिकटतं ती जागा मुळात उष्णता ओळखायला असते, साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की ती मेंदूला "पोळतंय" सांगते. मिरची तिला न तापवता तेच सांगायला लावते. हा शोध १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला, २०२१ चं नोबेल ज्युलियस आणि आर्डेम पातापुतियान यांना मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून तोंड भाजल्यावर तांब्याभर पाणी पिऊन फरक पडत नाही, दूध-दही घेतलं की पडतो.

याच जागा श्वासनलिकेतल्या नसांवरही असतात. फोडणीत लाल मिरची करपली की अख्खं घर खोकत बाहेर येतं ते यामुळे. खोकल्यावर संशोधन करणारे लोक प्रयोगशाळेत माणसाला मुद्दाम खोकवायला कॅप्सेसिनचाच फवारा वापरतात. हे लक्षात ठेवा, नसा जाग्या असतील तरच खोकला येतो, पुढे उपयोगी पडणार आहे.

आणि एक गोष्ट इथंच सांगायला पाहिजे. जन्मभर झणझणीत खाणाऱ्या माणसाला अचानक साधी आमटीसुद्धा तोंडात जळायला लागली आणि तो मावा, गुटखा, सुपारी खाणारा असेल तर ते वय किंवा पित्त समजू नका. सुपारीनं गालाच्या आतलं अस्तर हळूहळू पांढुरकं आणि ताठ होत जातं, तिखट सोसेनासं होणं ही त्याची सुरुवातीची खूण असते, नंतर तोंड उघडणं कमी होतं. आपली स्वतःची तीन बोटं उभी करून, एकावर एक, पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील तर दाताच्या डॉक्टरकडे जायचं, त्याच आठवड्यात, कारण या आजारातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्ये कॅन्सर करणारी म्हणून जाहीर केलंय. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण टपरीवर मावा घोटून मिळतोच, आणि तो खाणारी पोरं कॉलेजातली असतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, पंचविशीतल्या पोराला भाकरीचा घास तोंडात घालता येऊ नये.

फाटक

आता मुख्य गोष्ट. नाकातून येणारा श्वास नाकाच्या मागच्या बाजूनं खाली येतो आणि त्याला जायचं असतं पुढच्या नळीत, कारण श्वासनलिका मानेत पुढे असते, हाताला लागते. अन्न तोंडातून म्हणजे पुढून येतं आणि त्याला जायचं असतं मागच्या नळीत, अन्ननलिकेत. म्हणजे दोघांचे रस्ते घशात एकमेकांना कापतात. रस्ता आणि रेल्वे जिथं एकाच पातळीवर कापतात तिथं काय करतात? फाटक बसवतात. एरवी रस्ता चालू असतो, गाडी आली की फाटक पडतं, गाडी गेली की उघडतं. आपला घसा एरवी श्वासासाठी उघडा असतो आणि घास आला की साधारण एका सेकंदासाठी श्वासाचा रस्ता बंद होतो.

कंठमण्यावर बोट ठेवा आणि थुंकी गिळा. तो वर आणि पुढे उचलला जातो ना? त्या एका उचलण्यात बरंच काही होतं. जीभ घास मागे ढकलते, टाळूचा मागचा मऊ भाग वर जाऊन नाकाचा रस्ता बंद करतो, श्वास आपोआप थांबतो, श्वासनलिकेच्या तोंडाशी असलेल्या स्वरयंत्रातल्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटतात, अख्खं स्वरयंत्र जिभेच्या मुळाखाली सरकतं, वरचं पानासारखं झाकण त्यावर दुमडतं, आणि त्याच ओढीनं मागच्या अन्ननलिकेचं तोंड, जे एरवी घट्ट मिटलेलं असतं, ते उघडतं. तीसच्या वर स्नायू यात लागतात. घास जिभेच्या मागे जाईपर्यंत सगळं आपल्या हातात असतं, बाहेर काढता येतो, त्यानंतर नाही. पुढचं सगळं मेंदूच्या तळाशी, मानेच्या वर असलेला भाग चालवतो, तोच भाग श्वासही चालवतो, म्हणून दोघांचं वेळापत्रक जुळतं. साधारणपणे आपण श्वास सोडता सोडता मध्येच गिळतो आणि गिळल्यावर उरलेला श्वास सोडतो, म्हणजे फाटकाजवळ काही कण सांडलेच तर ते हवेनं बाहेर उडतात. इतका विचार करून बनवलेली गोष्ट आहे ही, आणि दिवसातून शेकडो वेळा आपल्या नकळत होते.

पुढे अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटरची, तिच्या भिंती वरून खाली आवळत जातात, भाकरीसारखा घास पोटात पोचायला आठ-दहा सेकंद लागतात. अन्न नुसतं वजनानं पडत नाही, उलटं टांगलं तरी घास पोटाकडेच जाईल. पाणी मात्र बसलेलं असताना बरंच वेगानं जातं.

जेवताना बोलू नये म्हणतात, त्यात तथ्य आहे का?

आहे. बोलायला स्वरयंत्राच्या पट्ट्या आणि हवा दोन्ही लागतात, म्हणजे फाटक उघडं लागतं. हसणं त्याहून वाईट, कारण हसल्यानंतर आपण एकदम जोरात श्वास आत ओढतो आणि तोंडातला दाणा त्या हवेबरोबर आत जातो. पण म्हणून पंगतीत मुक्यानं जेवायचं कारण नाही, घास गिळा आणि मग बोला एवढंच. लहान मुलांना खेळता-पळता भरवायची सवय मात्र सोडायलाच पाहिजे.

ठसका लागला की पाणी द्यायचं नाही

चुकून काही फाटकात शिरलं की शरीर जोरात हवा मारून ते बाहेर फेकतं, तोच ठसका. तो आजार नाही, तो पहारा आहे. आपण काय करतो, लगेच तांब्या पुढे करतो. म्हणजे जिथं आधीच गोंधळ चाललाय तिथंच आणखी पातळ ओततो. माणूस जोरात खोकत असेल, आवाज निघत असेल, तर त्याला खोकू द्या, पुढे वाकायला सांगा, मध्ये पडू नका. शांत झाल्यावर, श्वास लागला की मग घोटभर पाणी.

खरा धोका उलटा असतो. खोकला येत नाही, आवाज फुटत नाही, माणूस गळ्याशी हात नेतो, तोंड निळं पडायला लागतं, म्हणजे रस्ता पूर्ण बंद झालाय आणि हातात काही मिनिटंच आहेत. कुणाला तरी १०८ ला फोन लावायला सांगा आणि तुम्ही त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या टाचेनं पाच जोरदार थापा मारा. नाही निघालं तर मागून मिठी मारल्यासारखं उभं राहून बेंबीच्या जरा वर मूठ ठेवा आणि दुसऱ्या हातानं ती आत आणि वर असे पाच झटके द्या. निघेपर्यंत पाच थापा, पाच झटके. गरोदर बाईला पोटावर नाही, छातीवर. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पोट दाबायचं नाही, हातावर पालथं, डोकं खाली ठेवून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या टाचेनं पाच दाब. माणूस बेशुद्ध झाला तर जमिनीवर झोपवून छाती दाबायला सुरू करा. आणि न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालू नका, ती आणखी आत जाते.

शेंगदाणा आणि लहान मूल

आपल्या घरात शेंगदाणे नाहीत असा दिवस नसतो. चटणी, कूट, शेंगा पोळी, हुरड्याच्या सीझनला तर भाजलेल्या शेंगांचा ढीगच मध्ये ठेवलेला असतो. दाणा दळायला दाढा लागतात, आणि बाळाच्या मागच्या दुधाच्या दाढा साधारण दोन-अडीच वर्षांपर्यंत येत राहतात, त्या आल्या तरी नीट दळायची सवय व्हायला आणखी काही वर्षं लागतात. दीड वर्षाचं पोर पुढच्या दातांनी दाण्याचे दोन तुकडे करतं, आणि त्यातला अर्धा दाणा त्याच्या श्वासनलिकेत बसायला नेमक्या मापाचा असतो.

यात फसवणारी गोष्ट सांगतो. दाणा आत गेला की मूल जोरात खोकतं, दोन-चार मिनिटांत शांत होतं, खेळायला लागतं. आई म्हणते गेलं खाली. पण दाणा फुप्फुसाच्या फांदीत जाऊन बसलेला असतो, तिथं तो ओलाव्यानं फुगतो, त्यातल्या तेलानं सूज येते. मग आठवड्यानं ताप, खोकला, एकाच बाजूला घरघर, औषधं देऊन पुन्हा पुन्हा तेच. साध्या एक्सरेत शेंगदाणा दिसत नाही. म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर "त्या दिवशी दाणे खाताना ठसका लागला होता" हे आठवणीनं सांगा, त्या एका वाक्यावरून दुर्बीण घालून दाणा काढायचा निर्णय होऊ शकतो.

मग मुलांना शेंगदाणे द्यायचेच नाहीत का? द्या की, कूट करून, बारीक चटणी दह्यात किंवा वरणभातात कालवून. अख्खा किंवा अर्धा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नको. फुटाणे, चिंचोके, अख्खी द्राक्षंसुद्धा नकोत, द्राक्षाचे उभे चार तुकडे करून द्या.

न लागणारा ठसका

मघाशी म्हटलं नसा जाग्या असतील तरच खोकला येतो. लकव्यात, पार्किन्सनमध्ये म्हणजे कंपवातात, खूप अशक्त झालेल्या माणसात फाटक उशिरा पडतं आणि पहाराही झोपलेला असतो. पाणी, चहा, वरण थोडं थोडं फुप्फुसात जात राहतं आणि ठसका लागतच नाही. घरचे खूश, बाबा शांतपणे जेवले. लकव्यानंतर सुरुवातीच्या दिवसांत जवळपास निम्म्या पेशंटना गिळायचा त्रास असतो, पुष्कळांचा काही आठवड्यांत कमी होतो, पण तेवढ्या काळात न्यूमोनिया होऊन माणूस जाऊ शकतो.

ओळखायचं कसं? जेवणानंतर आवाज ओलसर, घशात पाणी असल्यासारखा गुळगुळ येतो. त्यांना "आ" म्हणायला लावा, कळेल. जेवायला तासभर लागतो. गालात घास उरतो. लाळ गळते. वजन उतरतं. अधूनमधून ताप येतो आणि कारण सापडत नाही.

लोक म्हणतात घट्ट जात नाही तर निदान पातळ पाजू, पाणी तर सोपं. अशा माणसाला पाणीच सगळ्यात अवघड असतं, ते इतकं वेगानं मागे पोचतं की फाटक पडायच्या आधीच निघून जातं. ज्वारीची दाटसर आंबील, पेज, घट्ट दही, कुस्करलेलं केळं हे बहुतेकांना जास्त झेपतं. पण किती घट्ट ते अंदाजानं ठरवू नका, गिळण्याची तपासणी करणारे स्पीच थेरपिस्ट असतात, हे पुष्कळांना माहीतच नसतं, नावामुळे वाटतं ते फक्त बोलायला शिकवतात. कान-नाक-घशाचे डॉक्टर नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळताना बघू शकतात. आमच्या नात्यातल्या एका मावशींना दवाखान्यातून सोडताना कागदावर सगळ्या गोळ्या वेळेसकट लिहिलेल्या होत्या, भरवायचं कसं याची एक ओळ नव्हती. सुनेनं स्वतः विचारलं म्हणून कळलं. तुम्ही पण डिस्चार्जच्या वेळी विचारा, "यांची गिळायची तपासणी झाली का?"

भरवताना त्यांना पूर्ण ताठ बसवा, पाठीला उशा लावा, झोपवून कधीच नाही. आपण समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं, उभं राहून वरून भरवलं की त्यांची मान वर होते आणि श्वासाचा रस्ता आणखी उघडा पडतो. छोटा चमचा, एक घास, कंठमणी वर जाऊन खाली आलेला बघा, तोंड रिकामं झालं का बघा, मगच पुढचा. टीव्ही बंद. ग्लानीत असलेल्या, फिट येऊन गेलेल्या किंवा अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, पाणी नाही, गोळी नाही, तीर्थ असलं तरी फक्त ओठांना लावा. डॉक्टरांनी नाकातून नळी सांगितली तर ती काही दिवसांची सोय असते पुष्कळदा, घाबरून नकार देऊ नका.

दोन वेळा दात, जीभ, गाल आणि कवळी स्वच्छ करा, नळी असली तरी करा, कारण थुंकी तर ते गिळतातच आणि तोंडातले जंतू तिच्याबरोबर फुप्फुसात जातात. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी तसंच बसवून ठेवा आणि निजवायच्या आधी गालात काही उरलं नाही ना ते बोटाला ओलं फडकं गुंडाळून बघा.